पहिली एअर रायफल: हलकी कशी निवडावी आणि अंगाला कशी बसवावी

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात नेमबाजी शिकू इच्छिणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. २०२२ साली कैरो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक जिंकले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, त्यानंतर अनेक पालक मुलांना घेऊन रेंजवर येऊ लागले आहेत. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'कोणत्या कंपनीची रायफल घ्यावी' असा असतो. माझ्या मते त्याआधी दुसरे दोन प्रश्न विचारले पाहिजेत: ही रायफल किती वजनाची असावी, आणि ती माझ्या शरीराच्या मापाला किती जुळवून घेता येईल? नवोदिताचे पैसे आणि पहिले वर्ष जर कुठे वाया जात असेल, तर ते याच दोन प्रश्नांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, म्हणून या लेखाचा मोठा भाग मी त्यांनाच दिला आहे.

१. आधी कायदा समजून घ्या

हलक्या रायफलीची चौकशी करणाऱ्यांपैकी काहींच्या मनात डोंगरातील शिकार असते. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि त्यात छंद म्हणून शिकार करण्यास वाव नाही. ठाणेकरांनी विशेष लक्षात ठेवण्याची बाब अशी की येऊरचा डोंगर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन प्रवेश करणे हाच गुन्हा ठरतो. या कायद्यातील शस्त्राची व्याख्या इतकी व्यापक आहे की प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन तिच्यात बसते. 'मी केवळ डब्यावर नेम धरत होतो' हे स्पष्टीकरण तेथे उपयोगी पडत नाही. पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य आणि २०१५ साली घोषित झालेले ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य यांनाही हेच लागू आहे. एअर रायफल घराबाहेर पडेल ती रेंजवर जाण्यासाठीच, असा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

परवान्याबाबत मात्र नवोदितांना दिलासा आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या) आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीसाठी शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीतून साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो आणि त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या जवळपास भरते, म्हणजे ती मर्यादेच्या कितीतरी खाली राहते. दुकानदाराने '.२२ बोअरची जास्त ताकदवान' असे सांगून दुसरी रायफल पुढे केली तर ती नाकारावी, कारण त्या बोअरला परवाना लागतो आणि १० मीटर स्पर्धेत ती चालतही नाही.

२. पहिले काही महिने क्लबचीच रायफल वापरा

विकत घेण्यापूर्वी किमान दोन-तीन महिने क्लबच्या रायफलीवर शिकावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. उभे राहण्याची पद्धत पक्की होईपर्यंत तुमच्या शरीराची खरी मापे कळतच नाहीत. पहिल्या आठवड्यात बरोबर वाटणारी बट प्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबी दुसऱ्या महिन्यात चुकीची ठरते, कारण तोपर्यंत कंबर, खांदा आणि मान योग्य जागी येऊ लागलेली असतात.

क्लब निवडताना झगमगाटाकडे न पाहता काही साध्या गोष्टी तपासा. डाव्या हाताने नेम धरणाऱ्यासाठी रायफल उपलब्ध आहे का, लहान मुलांसाठी कमी वजनाची रायफल आहे का, लक्ष्य कागदी आहे की इलेक्ट्रॉनिक, आणि प्रशिक्षक एका वेळी किती जणांकडे लक्ष देतात, हे विचारून घ्यावे. पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. ठाणे शहरात आणि नवी मुंबईच्या इतर भागांतही रेंज आहेत. मात्र रोज ट्रान्स-हार्बरने तासभर उभ्याने प्रवास करून लांबच्या नामांकित क्लबला जाण्यापेक्षा घराजवळच्या साध्या पण शिस्तशीर रेंजवर आठवड्यातून चार दिवस जाणे नवोदिताला जास्त लाभदायक ठरते, हे माझे स्पष्ट मत आहे.

क्लबप्रवेशासाठी बहुधा पुढील कागद मागितले जातात, म्हणून त्यांच्या प्रती तयार ठेवाव्यात:

- आधार कार्ड आणि राहत्या पत्त्याचा पुरावा
- जन्माचा दाखला (वयोगट यावरूनच ठरतो)
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- मुलगा किंवा मुलगी अल्पवयीन असल्यास पालकांचे संमतीपत्र
- शाळा-महाविद्यालयाचे ओळखपत्र, शालेय स्पर्धेत उतरायचे असल्यास

जन्मदाखल्यावरील आणि आधारवरील नावाचे स्पेलिंग तंतोतंत जुळते आहे ना, हे आताच पाहून घ्या. पुढे राज्य संघटनेची आणि भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची नोंदणी करताना याच एका अक्षरावरून अर्ज परत येतात. १९५१ साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे होते आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा हा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरचा एक टप्पा आहे.

३. कोणता डोळा प्रबळ आहे, हे ठरवा

दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवा आणि तीतून भिंतीवरील एखादी खूण दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खूण दिसत राहते तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ निघाला तर प्रशिक्षकांशी बोलूनच निर्णय घ्यावा. लहान वयात डाव्या बाजूने नेम धरायला शिकणे सोपे जाते, तर मोठ्या व्यक्ती पुष्कळदा उजवीकडूनच नेम धरून डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावतात. नियमानुसार ही पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. डोळा मिटून नेम धरण्याची सवय लावू नका, कारण मिटलेल्या डोळ्याचा ताण चेहऱ्याच्या स्नायूंवर येतो आणि काही शॉट्सनंतर उघड्या डोळ्यालाही धूसर दिसू लागते.

हा निर्णय खरेदीपूर्वीच झाला पाहिजे, कारण अनेक रायफलींचा ग्रिप (पकडायची मूठ) आणि चीक पीस (गाल टेकण्याचा भाग) एकाच बाजूसाठी बनवलेला असतो.

४. वजन किती असावे

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर रायफलीचे वजन साइटसह (नेम धरण्याच्या साधनांसह) जास्तीत जास्त ५.५ किलो असू शकते. ही कमाल मर्यादा आहे; पण नवोदित बऱ्याचदा तिलाच उद्दिष्ट मानतात. जड रायफल स्थिर राहते हे खरे असले, तरी ती स्थिरता ज्या नेमबाजाच्या अंगात ते वजन तासभर पेलण्याची ताकद आहे त्यालाच मिळते.

स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट्स असतात आणि त्याआधी १५ मिनिटे तयारी व सायटरसाठी (गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणी शॉट्ससाठी) मिळतात. सायटर आणि न मारता खाली घेतलेले प्रयत्न धरले, तर रायफल सुमारे ८० वेळा उचलली जाते. ४.८ किलोची रायफल असेल तर एकूण उचल ३८४ किलोची होते आणि ३.८ किलोची असेल तर ३०४ किलोची. हा ८० किलोंचा फरक बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या शेवटच्या वीस शॉट्समध्ये थेट दिसतो: खांदा वर येतो, कंबर ढिली पडते, आणि नेम स्थिर झाला म्हणून ट्रिगर दाबण्याऐवजी आता हात सुटेल या भीतीने तो दाबला जातो.

याहून गंभीर बाब पाठीच्या कण्याची आहे. उभ्याने नेम धरताना कंबर किंचित मागे झुकते आणि कणा एका बाजूला वळतो. वाढत्या वयातील कण्यावर अशा स्थितीत रोज जास्त वजन टाकणे योग्य नाही. म्हणून मुलांसाठी साडेतीन ते चार किलोच्या दरम्यानची शिकाऊ रायफल, आणि पूर्ण वाढ झालेल्या सडपातळ प्रौढांसाठी सुरुवातीला चार ते साडेचार किलो, हा पट्टा मला योग्य वाटतो. जिच्यावर पुढे वजनाच्या चकत्या चढवता येतात अशी हलकी रायफल घ्यावी. चकत्या काढूनही जी जडच राहते ती घेऊन काही साधत नाही.

एकूण वजनाइतकेच ते वजन कोठे आहे हेही महत्त्वाचे असते. दोन रायफली काट्यावर सारख्या भरल्या तरी एकीचा तोल नळीकडे असतो आणि दुसरीचा बटाकडे. रायफल एका बोटावर आडवी तोलून पाहा. तोलाचा बिंदू तुमच्या आधाराच्या हाताच्या किंचित पुढे असला तर नळी शांत राहते. तो फार पुढे गेला तर डाव्या हातावर आणि कमरेवर भार वाढतो, आणि मागे राहिला तर नळी हलकी पडून प्रत्येक ठोक्यासरशी उडते. फार हलक्या रायफलीचा तोटाही हाच आहे: ती लवकर थकवत नाही, परंतु नाडीचा ठोका आणि श्वासाची हालचाल अधिक स्पष्टपणे दाखवते. यावर उपाय म्हणजे रायफल हलकी ठेवून पन्नास-शंभर ग्रॅमची चकती नळीच्या टोकाकडे लावणे. तेवढ्या वजनाचा तेथे होणारा परिणाम बटाजवळ लावलेल्या त्याहून मोठ्या वजनापेक्षा जास्त असतो.

वजन पारखण्याची माझी पद्धत साधी आहे. शिकाऊ नेमबाजाने नेमबाजीचे जॅकेट घालून रायफल नेमाच्या स्थितीत धरायची, एक मिनिट होल्डिंग करायचे (ती तशीच स्थिर धरून ठेवायची), अर्धा मिनिट विसावा घ्यायचा आणि असे दहा वेळा करायचे. शेवटच्या फेरीत डावा दंड आखडत असेल किंवा पाठीत कळ येत असेल, तर ती रायफल आज त्या शरीरासाठी जड आहे. 'सवय होईल' असे दुकानात कोणी म्हटले तरी त्या आश्वासनावर खरेदी करू नका.

५. रायफलीचा प्रकार निवडा

स्प्रिंगवर चालणारी, नळी मोडून भरायची साधी एअरगन शंभर-दोनशे छर्रे उडवण्याच्या मजेसाठी ठीक असते, मात्र स्पर्धेचे तंत्र तिच्यावर शिकता येत नाही, कारण छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच स्प्रिंगचा धक्का बसतो. आज स्पर्धांमध्ये जवळजवळ सर्वत्र दाबाची हवा भरलेल्या सिलिंडरच्या रायफली वापरल्या जातात. त्यांना पीसीपी म्हणतात. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, अन्शुट्झ आणि स्टायर ही परदेशी नावे रेंजवर नेहमी कानी पडतात आणि त्यांच्या नव्या रायफलींची किंमत लाखांच्या घरात जाते. प्रेसिहोलसारख्या भारतीय उत्पादकांचे शिकाऊ पर्याय बरेच स्वस्त मिळतात, आणि पहिल्या वर्षासाठी तेही विचारात घ्यावेत.

लाकडी स्टॉक (नळी बसवलेला, हातात धरायचा सांगाडा) आणि अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक यांत नवोदिताने अ‍ॅल्युमिनियमला झुकते माप द्यावे, असे मला वाटते. त्याच्या बहुतेक भागांची लांबी, उंची आणि कोन बदलता येतात. वाढत्या मुलाला दरवर्षी नवे माप लागते आणि आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगण्याची शक्यताही असते.

एक सूचना येथे महत्त्वाची आहे. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धेबरोबर राष्ट्रीय नियमांचे वेगळे गटही होतात आणि त्यांत ओपन साइट (उघड्या खाचेची) व पीप साइट (बारीक छिद्रातून पाहायची) असे प्रकार असतात. कॅप्टन ईझीकेल स्पर्धेसारख्या राज्यस्तरीय स्पर्धेत तुम्ही कोणत्या गटात उतरणार आहात, हे प्रशिक्षकांकडून आधी निश्चित करून त्या वर्षाचे परिपत्रक वाचा आणि मगच साइट घ्या.

६. वापरलेली रायफल घेताना

जुनी रायफल घेणे हा नवोदितासाठी पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचा मार्ग असतो, कारण वरच्या पातळीवर गेलेले नेमबाज आपली पहिली रायफल चांगल्या स्थितीत विकतात. मात्र सर्वप्रथम सिलिंडरवरील उत्पादनाची तारीख वाचा. एअर रायफलींच्या सिलिंडरचे आयुष्य उत्पादक साधारण दहा वर्षांचे देतात आणि स्पर्धेत सिलिंडर मुदतीत आहे ना हे पाहण्याची जबाबदारी नेमबाजावरच असते. मुदत संपलेला सिलिंडर असेल तर नव्याची किंमत व्यवहारातून वजा करून घ्यावी.

सिलिंडर २०० बारपर्यंत भरून रायफल रात्रभर ठेवा आणि सकाळी दाबमापक पुन्हा वाचा. काटा स्पष्टपणे खाली आला असेल तर सील गेलेले आहे. हवा भरण्याचा अडॅप्टर, नळीच्या चकत्या, पुढच्या साइटच्या रिंगा आणि पाना-संच हे मूळ साहित्य बरोबर मिळते आहे का, ते यादी करून तपासा. एकेक अडॅप्टर शोधत फिरणे फार त्रासाचे असते. शेवटी पाच शॉट्स आधारावर मारून पाहा.

७. खरेदीचे कागद

अधिकृत विक्रेत्याकडून घेताना ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. बिलावर रायफलीचा अनुक्रमांक, बोअर आणि मॉडेल लिहिलेले असलेच पाहिजे. मुलासाठी घेत असाल तर बिल पालकांच्या नावे घ्यावे. वापरलेल्या रायफलीचे मूळ बिल आणि विकणाऱ्याचे सही केलेले हस्तांतरणपत्र या दोन्ही गोष्टी मागून घ्या. परदेशातील संकेतस्थळावरून स्वतः मागवण्याचा विचार नवोदिताने करू नये. शस्त्रे व त्यांचे भाग यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, सवलती मुख्यतः नामांकित नेमबाजांना मिळतात आणि सीमाशुल्कात अडकलेली पेटी सोडवणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे ठरते.

८. रायफल अंगाला बसवा

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि तो घाईने उरकण्यासारखा नाही. किमान दोन बैठका ठेवा. जॅकेट, ट्राउझर आणि बूट घालूनच मापे घ्या, कारण जॅकेटच्या कापडाची जाडी खांद्याचे माप बदलते. नियमानुसार ही जाडी एकेरी थराला कमाल २.५ मिलिमीटर असते. प्रत्येक स्क्रूची मूळ जागा मोबाइलवर छायाचित्र काढून नोंदवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रम पुढीलप्रमाणे ठेवल्यास गोंधळ होत नाही.

*उभे राहणे.* आधी रायफलीशिवाय उभे राहा. पाय खांद्याइतके अंतर ठेवून, लक्ष्याच्या रेषेला जवळपास समांतर असावेत आणि गुडघे सरळ पण ताठ नसावेत. उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा कोपर कमरेच्या हाडावर किंवा त्याच्या किंचित वर बरगडीला टेकतो. रायफलीचे वजन दंडाच्या स्नायूंऐवजी हाडांच्या रांगेवर उतरले पाहिजे: मूठ, मनगट, कोपर, कंबर, पाय. ज्याचे धड लांब आणि हात आखूड आहेत त्याचा कोपर कमरेपर्यंत पोहोचत नाही. अशाने ओढून-ताणून वाकू नये. त्यासाठी रायफलीखालच्या आधाराची उंची वाढवावी.

*आधाराची उंची.* रायफल नैसर्गिकपणे लक्ष्याच्या उंचीवर यावी, इतका आधार वर-खाली करा. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. आधार कमी पडला तर नेमबाज डावा खांदा उचलून उंची गाठतो आणि वीस शॉट्समध्ये दमतो. आधार जास्त झाला तर कंबर अतिरेकाने मागे झुकते.

*बट प्लेट.* प्रथम लांबी पाहा. ती जास्त असेल तर उजवा हात ग्रिपपर्यंत ताणावा लागतो आणि शरीर मागे ढकलले जाते. कमी असेल तर उजवा खांदा पुढे आकसतो आणि चेहरा साइटला फार चिकटतो. नंतर उंची. बट प्लेट खाली सरकवली की रायफल खांद्याच्या तुलनेत वर येते आणि मान सरळ राहते, तर ती वर सरकवली की रायफल खाली जाते आणि मान झुकवावी लागते. नवोदितांमध्ये दिसणारा सर्वांत सामान्य दोष म्हणजे मान खाली वाकवून साइटमध्ये डोळा घालणे. साइट डोळ्यापर्यंत आली पाहिजे, म्हणून बट प्लेट खाली घेण्यास कचरू नका. वाकलेल्या मानेमुळे तोल सांभाळणाऱ्या आतील कानाची स्थितीही बिघडते आणि शरीराचे डोलणे वाढते.

*चीक पीस.* डोळे मिटून गाल नेहमीच्या जागी ठेवा, एक श्वास सोडा आणि डोळे उघडा. मागच्या छिद्रातून पुढची गोल रिंग मधोमध दिसली पाहिजे. ती खाली कापली जात असेल तर चीक पीस वर घ्या, बाजूला सरकलेली असेल तर आत-बाहेर करा. गालाचा दाब प्रत्येक शॉटला सारखा ठेवता येईल, इतकाच हलका असावा.

*ग्रिप.* उजव्या हाताची पकड केवळ रायफल मागे घेऊन खांद्याशी ठेवण्यापुरती असते. तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सरळ येईल, अशा रीतीने ग्रिप पुढे-मागे करा. बोटाची कड स्टॉकला घासत असेल तर ट्रिगर दाबताना रायफल ढकलली जाते.

*नैसर्गिक नेम.* सर्व जुळल्यावर लक्ष्यावर नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि उघडा. रायफल डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका. मागचा पाय थोडा हलवून संपूर्ण शरीर फिरवा. वर-खाली फरक पडत असेल तर आधाराची किंवा बट प्लेटची उंची बदला. हात जोर लावून रायफल लक्ष्यावर धरून ठेवत असेल, तर ट्रिगर सुटण्याच्या क्षणी तो जोर ढिला पडतो आणि शॉट त्याच बाजूला जातो.

ही सर्व मापे मिलिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवा. मुलांच्या बाबतीत दर तीन-चार महिन्यांनी ती पुन्हा तपासावी लागतात, विशेषतः उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात.

९. साइट जुळवा आणि झिरो करा (नेम धरला तेथेच छर्रा लागेल असे करा)

मागच्या साइटपासून डोळा साधारण पाच ते आठ सेंटिमीटर अंतरावर असावा आणि हे अंतर कायम राहावे. पुढच्या साइटची रिंग निवडताना नवोदित फार बारीक रिंग घेतो, कारण ती अचूक वाटते. लक्ष्याच्या काळ्या गोलाभोवती पांढऱ्याची ठळक पट्टी दिसली पाहिजे. तेवढी नसेल तर डोळा हालचाल शोधत बसतो आणि शॉट लांबत जातो. सुरुवातीला चार मिलिमीटरहून थोडी मोठी रिंग घेऊन पाहावी.

मागच्या साइटचे बटण ज्या दिशेला साइट सरकवते, त्याच दिशेला छर्रा सरकतो, हे सूत्र कायम ठेवा. बटणांवरील जर्मन अक्षरे आणि बाण यांच्यावर मात्र विसंबू नका, कारण काही साइटवर अक्षराचा अर्थ 'शॉट उजवीकडे गेला असेल तर इकडे फिरवा' असा असतो आणि नवखा माणूस नेमका उलटा फिरवतो. पहिल्याच दिवशी पाच शॉट्सचा ग्रुप मारा, दहा क्लिक एका दिशेला फिरवा, पुन्हा पाच मारा, आणि ग्रुप कोणत्या बाजूला किती सरकला ते वहीत नोंदवा. एकेका शॉटवरून क्लिक बदलणे टाळा. निर्णय नेहमी ग्रुपच्या मध्यावरून घ्यावा.

दहाच्या वर्तुळाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि सध्याच्या दशांश गुणपद्धतीत एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे ६० शॉट्सना ६५४ गुण मिळू शकतात. इतक्या बारीक अंतरावर रायफल किंचित तिरकी झाली तरी झिरो हलतो. तिरकेपणा ठेवायचाच असेल तर तो दर वेळी सारखाच राहील याची काळजी घ्या.

१०. ट्रिगर आणि छर्रे

ट्रिगर दोन टप्प्यांचा ठेवा आणि दुसरा टप्पा स्पष्ट जाणवेल असा असू द्या. स्पर्धेतील रायफलींवर तो शंभर ग्रॅमच्याही खाली नेता येतो, पण नवोदिताने पहिले काही महिने किंचित जास्त वजन ठेवावे. बोटाला दाब जाणवण्याआधीच शॉट सुटू लागला तर दचकण्याची खोड लागते आणि ती काढायला फार वेळ लागतो.

छर्रे सपाट तोंडाचे, मॅच दर्जाचे घ्यावेत. त्यांच्या डोक्याचे माप ४.४९ किंवा ४.५० मिलिमीटर असे डब्यावर लिहिलेले असते आणि प्रत्येक नळीला कोणते माप मानवते हे मारूनच कळते. दोन-तीन मापांचे डबे क्लबमधील इतरांशी वाटून घेतले तर खर्च वाचतो. ५०० छर्ऱ्यांचा डबा रोज ८० शॉट्सच्या हिशेबाने सहा दिवस पुरतो, म्हणून महागडे छर्रे होल्डिंग शिकण्याच्या काळात उधळू नयेत. छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि लहान मुलांना छर्रे तोंडात धरण्याची सवय असेल तर ती तात्काळ मोडा.

११. हवा भरताना

सिलिंडरमध्ये फक्त स्वच्छ, कोरडी हवा भरायची असते. ऑक्सिजन कधीही भरू नये, कारण दाबाखालील ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आल्यास स्फोट होऊ शकतो. सीलना साधे मशीन ऑइल लावू नका. हातपंप वापरत असाल तर आपल्या हवेतील बाष्प पकडणारा फिल्टर आवश्यक आहे, आणि पंप थंड होऊ देत थांबून-थांबून हवा भरावी. विमानाने स्पर्धेला जाताना सिलिंडर पूर्ण रिकामा करून, विमान कंपनीला आधी कळवून न्यावा लागतो.

१२. घरचा सराव आणि सुरक्षितता

नेमबाजीचा मोठा भाग छर्रा न वापरता शिकता येतो. ड्राय प्रॅक्टिससाठी हॉलमधील दोन-तीन मीटर जागा पुरते. प्रत्यक्ष लक्ष्याचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो. दोन मीटरवरून तेवढाच दिसण्यासाठी भिंतीवर ६.१ मिलिमीटरचा गोल काढावा, आणि तीन मीटरसाठी ९.१५ मिलिमीटरचा. उंचीही हिशेबाने ठेवा: रायफल जमिनीपासून १.५० मीटरवर येत असेल तर दोन मीटर अंतरावर गोलाचा मध्य १.४८ मीटरवर असावा. रोज वीस मिनिटांचा असा सराव रेंजवरील घाईच्या तासापेक्षा अधिक शिकवतो.

घरी छर्रे मारण्याची सोय गच्चीत किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत करू नका. उसळून आलेला छर्रा डोळा घालवू शकतो, आणि शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावल्यास चूक तुमचीच असेल. रायफल उचलताना प्रत्येक वेळी चेंबर रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहावे, नेम नसताना नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालून ठेवावा, आणि तिचे तोंड कोणत्याही माणसाकडे किंवा आरशाकडेही जाऊ देऊ नये. ड्राय प्रॅक्टिसच्या खोलीत छर्ऱ्यांचा डबा ठेवूच नये.

१३. ने-आण आणि पावसाळा

रायफल कुलूपबंद कडक पेटीतच न्यावी. पेटीत बिलाची प्रत, क्लबचे ओळखपत्र, संघटनेच्या नोंदणीची प्रत आणि असल्यास स्पर्धेचे प्रवेशपत्र एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. ठाणे, वाशी किंवा पनवेल स्थानकात तपासणी झाली तर पेटी स्वतःहून फलाटावर उघडू नका. कागद दाखवा, 'यात स्पर्धेची एअर रायफल आहे, बाजूला नेऊन दाखवतो' असे शांतपणे सांगा. गर्दीच्या वेळची लोकल शक्य तेवढी टाळावी. पेटीला लागलेला एक धक्का साइट हलवतो आणि रेंजवर पोहोचल्यावर झिरो पुन्हा करावा लागतो.

जून ते सप्टेंबर या काळात आपल्या भागातील हवा रायफलीची शत्रू असते. पावसातून घरी आल्यावर पेटी लगेच उघडा, रायफल कोरड्या सुती कापडाने पुसा, पोलादी भागांवर गंजरोधक तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि सीलपासून ते दूर ठेवा. पेटीतील स्पंज ओला असेल तर पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत रायफल आत ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदला. जॅकेट आणि ट्राउझर घडी घालून बॅगेत राहिले की चार दिवसांत बुरशी धरते, म्हणून ते रुंद हँगरवर टांगून वाऱ्याला ठेवावेत. उन्हात वाळवू नयेत, कारण त्यांचा कडकपणा बदलतो आणि स्पर्धेपूर्वीच्या साहित्य तपासणीत तो मोजला जातो. छर्ऱ्यांचा उघडा डबा दमट हवेत पांढरट पडतो. झाकण घट्ट लावून तो सिलिका जेलबरोबर ठेवावा, आणि पांढरी भुकटी धरलेले छर्रे नळीत घालू नयेत.